माघे, विडी पेटवून आण

माघी माझी सख्खी बहीण. मी थोरला, ती शेंडेफळ. मधली दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून माझ्यात नि तिच्यात आठ वर्षांचं अंतर. माघ महिन्यात झाली म्हणून माघी. बापाचं नाव लक्ष्या, आईचं रखमी, घर पोशेऱ्यात, आणि मी तुका. मोखाडा ते जव्हार जीप चालवतो. त्या रस्त्याची वळणं मी डोळे मिटून घेतो असं पॅशिंजर म्हणतात, मी नाही म्हणत. शाळा माझी सातवीपर्यंतच झाली, त्यामुळं सांगताना जरा पुढचं मागं होईल. पण माघीची गोष्ट माझ्याएवढी कुणाला माहीत नाही. जे मी डोळ्यांनी बघितलं नाही ते तिच्याकडून खोदून खोदून विचारून घेतलंय, आणि माघी खोटं बोलत नाही. लहानपणापासून नाही. एकदा शेळीनं नागलीचं रोप खाल्लं तर स्वतः येऊन बापाला म्हणाली, "बा, माझा डोळा लागला होता, मला मार." असली पोर.

आणि धावायची कशी! आमच्याकडं चालायला सगळेच चांगले, डोंगरात राहायचं तर चालावंच लागतं. पण माघीचं वेगळं. मी फाट्यावरून जीप सुरू करायचो, दोन वळणं घेऊन खालच्या वळणावर यायचो, तर ही पायवाटेनं उतरून तिथं उभी. केस सुटलेले, पाय धुळीनं भरलेले, आणि वर तोंड करून विचारायची, "दादा, जीप बंद पडली होती काय?" सगळी जीप हसायची. मला राग यायचा आणि छातीही फुगायची. माझीच बहीण.

आता विडीचं सांगतो. ते सांगितल्याबिगर माघी कळायची नाही.

आमच्या घरी बाप विडी ओढायचा, मी ओढायचो, आला-गेला ओढायचा. दुकानातलं बंडल असलं तर बंडल, नाहीतर आपट्याच्या पानात तंबाखू घालून घरीच वळायची. काडेपेटी देवाजवळ दिवा लावायला. विडीसाठी काडी मोडायची आमच्याकडं रीत नाही. घरात चूल असते, चुलीत विस्तव असतो, आणि घरात एखादं लहान पोर असतं. मोठ्या माणसानं ओट्यावर बसून विडी पुढं करायची आणि म्हणायचं, "पेटवून आण." पोरानं पळत जायचं, पेटवायची, पळत आणून द्यायची. मीही तेच केलं, माझ्या बापानंही तेच केलं असणार. यात कुणाला काही वाटत नव्हतं. पाणी आण म्हणावं तसं ते.

माघी सहा वर्षांची असताना बापानं तिला पहिल्यांदा पाठवलं. भात झोडून झालं होतं, बाप ओट्यावर पाय लांब करून बसला होता. माघी मोठ्या ऐटीत विडी घेऊन आत गेली. निखाऱ्याला टेकवली, लाल झाली, घेऊन आली. ओट्यावर येईतो विझली. परत गेली. परत विझली. आपट्याच्या पानाची विडी तशीच, ओढत राहिलं नाही तर दमच धरत नाही. तिसऱ्यांदा विझलेली विडी घेऊन आली तेव्हा डोळ्यांत पाणी. बाप हसायला लागला.

मी तेव्हा चौदा वर्षांचा. माझी ही विद्या शिकून झालेली. मी तिला चुलीजवळ नेलं नि म्हणलं, "येडे, नुसती विस्तवात धरून काय होतंय? तोंडात धर. ओढ."

तिनं ओढली. धूर सरळ नरड्यात. खोकली, डोळे पांढरे केले, नाकातून पाणी, आणि दुपारी खाल्लेली भाकर चुलीच्या राखेत. आई धावली. बाप ओट्यावरून विचारतोय, "काय झालं?" आई म्हणाली, "काय नाय, पोरीला ठसका लागला." आणि मग सगळे हसले. मी सगळ्यात जास्त हसलो. मग तिची पाठ चोळत मी तिला युक्ती सांगितली. धूर घशात घ्यायचा नाही, गालात धरायचा. दोन झुरके विस्तवावर, एक दारात, एक ओट्यावर पोचायच्या आधी. मग विझत नाही.

चार दिवसांत पोर तयार झाली. हे मी अभिमानानं सांगायचो, आता लपवून काय करू? सगळ्यांना सांगायचो. घरी लग्नाची बोलणी असोत, कुणाचं दिवसकार्य असो, दहा-पंधरा माणसं अंगणात बसली की माघीला हाक जायची. ही आतून यायची ती बोटांच्या बेचक्यांत चार चार पेटलेल्या विड्या घेऊन, ज्याची त्याला. "लक्ष्याची पोर बघ," म्हातारे म्हणायचे, "आपल्या पोरांना एक जमत नाय." माघी लाजायची. मी लाजायचो नाही. मी म्हणायचो, "शिकवलंय कुणी?"

पण माघी विडी ओढते असं कुणी म्हणलं असतं तर मी त्याचे दात पाडले असते. माघी विडी ओढत नव्हती. विडी ओढणं म्हणजे बसून, धूर सोडत, गप्पा मारत ओढणं. ते म्हातारी माणसं करतात, पुरुष करतात. माघी फक्त पेटवून द्यायची. आमच्या डोक्यात या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. माघीच्याही डोक्यात.

पाचवीला तिला आश्रमशाळेत घातलं. राहणं-खाणं तिथंच, पंधरा दिवसांनी शनिवारी मी घरी आणायचो, रविवारी पोचवायचो. पहिला महिना पोरीनं फार हालात काढला. डोकं दुखायचं. जेवण जायचं नाही. शेजारच्या पोरींवर वसकन ओरडायची, माघी, जी कधी कुणाला अरे म्हणाली नव्हती. हात कापतात म्हणायची. सरांनी निरोप धाडला, बाप सगळं काम टाकून चालत गेला. परत आला तो ओट्यावर बसून रडला. "पोरीला घराची लय ओढ हाय रे तुका. घराबिगर जगायची नाय ती." मी माझ्या बापाला त्याच्या आधी एकदाच रडताना बघितला होता.

मग ते थांबलं. आश्रमशाळेत फागीबाई म्हणून स्वयंपाकीण होती. जाडजूड, तोंडानं फटकळ, मनानं सोनं. रडणारी पोर दिसली की चुलीजवळ बसवायची आणि करपलेल्या भाताची खरपुडी हातात द्यायची. माघीला तिनं तसंच बसवलं. हात पिठात होते, म्हणून म्हणाली, "पोरी, कमरेला विडी खोचलीय, तेवढी पेटवून दे गं मला." माघीनं पेटवून दिली. दोन झुरके विस्तवावर, एक देता देता. फागीबाई बघत राहिली. "अगं, तू तर माझ्या आजीसारखी पेटवतीस!"

आणि माघीचं डोकं दुखायचं थांबलं.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ माघी फागीबाईच्या चुलीजवळ. भांडी घासू लागायची, लाकडं आणून द्यायची, आणि दिवसाला चार-पाच विड्या पेटवून द्यायची. मला म्हणायची, "दादा, फागीबाईच्या चुलीजवळ बसलं की घरी बसल्यासारखं वाटतं." मी फागीबाईला एकदा नागलीचे पापड नेऊन दिले. तिचे उपकारच वाटत होते.

हे सगळं मी का सांगतोय ते आता येतं. दोन हजार तीन साल. माघी नववीत. धर्मेंद्र सर म्हणून खेळाचे नवीन सर आले होते. त्यांनी माघीला तीन हजार मीटर धावायला लावलं, अनवाणी, आणि हातातल्या घड्याळाकडं बघत म्हणाले, "घड्याळ बिघडलं वाटतं." दुसऱ्या दिवशी परत पळवली. घड्याळ बरोबर होतं.

जव्हारला स्पर्धा झाली. माघी पहिली आली. दुसरी पोर एवढी मागं होती की लोकांना वाटलं ती पुढच्या शर्यतीची. मी जीप रस्त्यात उभी करून बघायला गेलो होतो, पॅशिंजर शिव्या देत होते, मी म्हणलं, "उतरा आणि बघा, माझी बहीण हाय." उतरले. बघितलं. मग कुणी शिव्या दिल्या नाहीत.

फक्त धर्मेंद्र सरांनी एक गोष्ट हेरली. शेवटच्या फेरीनंतर माघी वाकून उभी राहिली तेव्हा तिच्या छातीतून शिट्टी वाजत होती. बारीक, किटलीतून यावी तशी. सर म्हणाले, "सर्दी झालीय का?" माघी म्हणाली, "नाय सर, मला अशीच वाजते."

त्या शर्यतीवरून तिची निवड झाली. नाशिकला खेळाचं होस्टेल, तिथं बारावीपर्यंत शिक्षण, जेवण, बूट, रोज दोन वेळा मैदान. पुढं पोलीस भरतीत अशा पोरी सहज लागतात असं सर म्हणाले. आमच्या घरात दहावीच कुणी बघितली नव्हती. बापाला सांगितलं तर तो नाशिक किती लांब तेवढंच विचारत राहिला. माघीनं फॉर्म पिशवीत घालून उशाखाली ठेवला. त्या फॉर्मवर एकच गोष्ट राहिली होती, सरकारी डॉक्टरची सही. छाती, डोळे, वजन ठीक आहे म्हणून. महिन्याची मुदत.

त्याच आठवड्यात आश्रमशाळेत एक भानगड झाली. दहावीतले रघ्या आणि बाळ्या पाण्याच्या टाकीमागं विडी ओढताना सापडले. सापडले म्हणजे कसे, तर बाळ्या ओकत होता आणि रघ्या त्याला म्हणत होता, "अरे हळू, सर येतील!" सर आलेच. प्रार्थनेला दोघांना पुढं उभं केलं. धर्मेंद्र सर लालबुंद झाले होते. म्हणाले, "ज्यानं विडीला तोंड लावलं तो माझ्या टीममध्ये नाही. ज्यांनी आजवर कधी ओढली नाही त्यांनी हात पुढं करा आणि शपथ घ्या."

माघीनं सगळ्यात आधी हात पुढं केला.

जेवताना ती बाळ्याला म्हणाली, "एवढा घोडा झालास, नि एक विडी पचत नाय?"

बाळ्या म्हणाला, "तुला काय माहीत, तू कधी ओढलीस?"

"मी कशाला ओढू? मी शपथ घेतलीय."

आणि संध्याकाळी भात निवता निवता फागीबाईला विडी पेटवून दिली. तिच्या मनात एवढासुद्धा सल नव्हता. मी तिला नंतर दहादा विचारलंय. नव्हता.

डॉक्टरकडं मी तिला जीपमधूनच नेलं, पुढच्या सीटवर बसवून. शेजारच्या सीटवर कुणाला बसू दिलं नाही. सगळ्या रस्त्यानं मी सांगत होतो, नाशिकला चाललीय, सरकार बूट देणार आहे, पुढं पोलीस होणार. माघी म्हणत होती, "दादा, गप ना."

डॉक्टर मॅडम होत्या, तिशीच्या आसपास. वजन केलं, डोळे बघितले, चांगलं म्हणाल्या. मग नळी कानाला लावून छातीवर ठेवली. "खोल श्वास घे. सोड. परत घे." पाठीला लावली. परत छातीला. मी दारात उभा होतो. माझं लक्ष फॉर्मवर, सही कधी करतात त्याकडं.

मॅडमनी नळी काढली. "विडी ओढतेस?"

माघीला वाटलं दुसऱ्या कुणाला विचारलं. मी तर आतच शिरलो. "मॅडम, तोंड सांभाळून. आमची पोर तसली नाय. शाळेत शपथ घेतलीय तिनं!"

मॅडमनी माझ्या खिशाकडं बघितलं. बंडल वर आलं होतं. "तुम्ही ओढता."

"मी ओढतो. मी काय नाशिकला पळायला चाललो?"

"घरात अजून कोण?"

"बाप. पाहुणे."

त्या माघीकडं वळल्या. "हे ओढतात तेव्हा तू जवळ बसतेस?"

"नाय मॅडम," माघी म्हणाली. "मी फक्त पेटवून देते."

"काडीनं?"

माघीला हसू आलं. शहरातल्या बाईला एवढंही माहीत नाही. "काडीनं कशाला? चुलीवर."

"चुलीवर कशी?"

"विस्तवाला लावायची नि ओढायची. न ओढता नाय पेटत ती. मग ओट्यापर्यंत नेताना मधे मधे ओढावी लागते, नायतर विझते." आणि मग जरा मान वर करून, "माझी नाय विझत."

त्यांनी माझ्यापुढं हात केला. "एक द्या."

मी दिली. काय करणार होतो?

"दाखव मला," त्या माघीला म्हणाल्या. "पेटवायची नाही. नुसतं दाखव."

माघीनं विडी घेतली. मी तिला हे हजार वेळा करताना बघितलंय. पण चुलीच्या अंधारात, पाठमोरी. दिवसाउजेडी, पांढऱ्या भिंतीपुढं, शाळेच्या गणवेशात कधी बघितलं नव्हतं. तिनं विडी दोन बोटांत फिरवून दाबली, तंबाखू सारखी केली. टोक ओठांत धरलं. वर तळहाताचा आडोसा केला. डावा डोळा आपोआप बारीक झाला, धूर जाऊ नये म्हणून. गाल आत गेले, आणि छाती वर आली. गाल नाही, छाती. मी तिला गालात धरायला शिकवलं होतं. ती ते कधीच सोडून पुढं गेली होती, आणि मला पत्ता नव्हता.

आमचा बाप समोर बसलाय असं मला वाटलं. पंधरा वर्षांच्या पोरीच्या तोंडावर माझ्या बापाचं तोंड.

मॅडमनी हळूच विडी तिच्या हातातून काढून घेतली. "केव्हापासून?"

"पहिलीत होते."

"दिवसाला किती पेटवतेस?"

माघी बोटांवर मोजायला लागली. "बाच्या सात-आठ. दादा घरी असला की त्याच्या चार-पाच. पाहुणे आले तर सांगता येत नाय. शाळेत फागीबाईच्या पाच." बोटं संपली, तशी तिची मोजणीही हळू झाली. मग थांबली. मग माझ्याकडं बघितलं.

"प्रत्येकीला तीन-चार झुरके," मॅडम म्हणाल्या. "शाळेत असलीस तर दिवसाला एक विडी. घरी असलीस तर तीन-चार. नऊ वर्षं. तुला कुणी सांगितलं नाही?"

"मी ओढत नाय मॅडम," माघी म्हणाली. पण आवाज नेहमीचा नव्हता. विचारल्यासारखी म्हणाली.

मॅडमनी विचारलं, "कधी चार दिवस पेटवायला मिळाली नाही, असं झालंय? तेव्हा काय व्हायचं?"

माघीनं सांगितलं. पाचवीतलं. डोकं, हात कापणं, पोरींवर ओरडणं, भात न जाणं. बाप आला होता तेही सांगितलं. "मला घरची आठवण यायची खूप."

"आणि मग फागीबाईकडं बसायला लागलीस."

"हो."

"आणि बरं वाटलं."

"लगेच."

माघी हुशार आहे, तिला उलगडून सांगावं लागत नाही. तिचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. ती एवढ्या हळू बोलली की मला वाकून ऐकावं लागलं. "म्हणजे मला घरची आठवण येत नव्हती?"

"घरचीही येत असेल," मॅडम म्हणाल्या.

मी तिथं असलेल्या स्टुलावर बसलो. मला कुणी बस म्हणलं नव्हतं. माझा बाप त्या दिवशी ओट्यावर रडला होता, ते मला दिसत होतं.

मॅडमनी सही केली नाही. म्हणाल्या, "छाती वाजतेय. आज लिहून दिलं तर तिकडं पहिल्याच तपासणीत परत पाठवतील. वीस दिवस हिच्या तोंडात धूर जाऊ देऊ नका. एक झुरका नाही. विसाव्या दिवशी आणा, मी परत ऐकते. पोर तरणी आहे, छाती लवकर मोकळी होईल. पण पहिले चार-पाच दिवस जड जातील. ते तिलाच काढायला लागतील." आणि माझ्याकडं बघून, "आणि तुम्हाला."

येताना माघी पुढच्या सीटवर बसली नाही. मागं जाऊन बायकांच्यात बसली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय तुका, आज बोलणी खाल्ली काय कुणाची?" मी आरसा सरळ केला.

शाळेतून तिला वीस दिवसांची सुट्टी मागून घेतली, सरांना खरं काय ते सांगितलं. धर्मेंद्र सरांनी सुट्टीचा अर्ज लिहायला घेतला. मग म्हणाले, "मी शपथ घ्यायला लावली तेव्हा हात पुढं केला होता हिनं. पहिला."

"खरं समजून केला होता सर," मी म्हणलं.

"तेच तर," सर म्हणाले.

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. बाप ओट्यावर. आई चुलीसाठी वाळलेल्या शेणी गोळा करत होती. माझी बायको चंद्रकला आणि माझी पाच वर्षांची करिष्मा अंगणात. बापाला कशाची वार्ता नव्हती. पोर आली म्हणून खुश. कानावरची विडी काढली, पुढं केली. "आली माझी पळणारी! माघे, विडी पेटवून आण."

माघी उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा बापानं काही सांगितलं आणि ती हलली नाही. "नाय, बा."

"नाय म्हणजे? थकलीस?"

माघी रडायला लागली. मग मी बोललो. मॅडमनी जे सांगितलं ते सगळं. पहिली-पाचवी, फागीबाई, डोकं, छातीतली शिट्टी. बाप ऐकत होता पण त्याला ते उमजत नव्हतं. "अरे पण तिनं ओढली कुठं?" तो परत परत म्हणत होता. "ती तर पेटवून द्यायची."

"बा, पेटवायची म्हणजे ओढायचीच ना!" मी ओरडलो.

बापानं हातातल्या विडीकडं बघितलं. मग म्हणाला, "मी पोरीला विडी पाजली?" आणि विडी कुठं ठेवावी ते त्याला कळेना, म्हणून ओट्याच्या कडेला हळूच ठेवली, तान्हं पोर ठेवावं तशी.

आईनं शेणी टाकल्या. "डोकं दुखायचं पोरीचं तर मी कपाळाला हळद लावून धाडायची," ती म्हणाली. "हळद लावायची मी."

मला मात्र बोलायचं होतं. मी घरातला कमावता. अंगणाच्या मधोमध उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं, शेजारच्यांनाही ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "आजपासून या घरात माघीला कुणी विडी पेटवायला सांगायची नाय! पाहुणा असो, सोयरा असो. जो सांगेल त्याची गाठ माझ्याशी हाय!" चंद्रकला म्हणाली, "ऐकलं सगळ्यांनी, आता घरात चला." मला समाधान वाटलं. काम केल्यासारखं वाटलं.

माघीनं ते वीस दिवस काढले. कसे काढले ते तिचं तिला ठाऊक, दात दाबून काढले. विसाव्या दिवशी मॅडमनी छाती ऐकली, हसल्या आणि सही केली. माघी नाशिकला गेली, आज ती अंगावर खाकी घालून उभी राहते ते सगळ्या पोशेऱ्याला माहीत आहे, आणि ज्याला माहीत नाही त्याला मी सांगतोच. पण मला ते सांगायचं नव्हतं. मला त्या ओरडण्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची होती. आजवर कुणाला सांगितली नाही.

मी उठलो तेव्हा नुकतंच दिसायला लागलं होतं. ओट्यावर आलो, भिंतीला टेकून बसलो. डोळे अजून चिकटलेले. थंडी होती. हात खिशात गेला, विडी निघाली. बाजूला बारकं काहीतरी हललं, आणि मी न बघता हात लांब केला. तोंडातून शब्द निघाले. रोजचेच. विडी हातातून गेली. मी परत डोळे मिटले.

आत माघी चुलीपुढं बसली होती. रात्रभर तिचं डोकं फुटत होतं. हातांना काम असावं म्हणून तिनं चूल पेटवली होती. करिष्मा आली, तिच्या मांडीला टेकून वाकली, विडी निखाऱ्याला लावली, तोंडात धरली आणि ओढली. सरावानं. डावा डोळा बारीक करून.

माघीनं ती तिच्या तोंडातून काढली. पेटलेली विडी माघीच्या बोटांत, धूर सरळ नाकाशी, आणि डोकं तसं ठणकत असलेलं. ती मला नंतर म्हणाली, "दादा, माझा हात तोंडापाशी आला होता. ओठ उघडले होते." मग तिनं ती चुलीत टाकली, लाकडानं आत ढकलली आणि करिष्माला कडेवर घेऊन बाहेर आली.

मी हात पुढं केला, विडी घ्यायला. हातात काही आलं नाही. डोळे उघडले तर माघी समोर. चेहरा सुजलेला, ओठ घट्ट.

"कुणी सांगितलं हिला?" तिनं विचारलं. तिला ठाऊक होतं.

मी म्हणलं, "मी... ती कधीपासून करते?"

"मला काय विचारतोस? तूच धाडतोस ना."

करिष्मा आत्याच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होती. आपलं काय चुकलं ते तिला कळत नव्हतं.

माघीनं तिला माझ्या मांडीवर बसवलं. "दादा," ती म्हणाली, "हिचं तोंड हुंग."

मी हुंगलं.